न आलेल्या पाच पेपरांची रेघ

शेअर म्हणजे सट्टा आणि सट्टा म्हणजे मटका, एवढं अर्थशास्त्र आमच्या पाखाडीत सगळ्यांना पाठ होतं. त्यामुळे मी ऑफिसातून आल्यावर पडवीत आलेखाचा कागद पसरून बसलो, की येणारा-जाणारा गडग्याच्या दगडी भिंतीवरून डोकावून विचारायचा, "काय, आज कुठला आकडा?" मी भडकायचो. राग तसाही माझ्या नाकाच्या शेंड्यावर. "आकडा नाही, सरासरी काढतोय!" म्हणून ओरडायचो, आणि तो मेला हसत हसत पाखाडीच्या पायऱ्या उतरून जायचा. त्यांचं बरोबर होतं असं मी आजही म्हणणार नाही. पण माझं बरोबर होतं, असं म्हणायलाही मला तोंड उरलेलं नाही.

मी रत्नागिरीत एका सरकारी बांधकाम कचेरीत ट्रेसर होतो. इंजिनिअर साहेब पेन्सिलीनं नकाशा काढायचे, त्यावर पारदर्शक कागद ठेवून मी तो शाईनं गिरवायचा. पूल, मोऱ्या, शाळेच्या खोल्या, सगळ्या जिल्ह्यातल्या. मंडणगडकडची एक मोरी मी चार वेळा गिरवली आणि माझ्या नोकरीत ती काही बांधून झाली नाही. ट्रेसरनं स्वतःचं डोकं चालवायचं नसतं. जाड रेघ जाड, बारीक ती बारीक, तुटक ती तुटक. तुटक रेघ म्हणजे जे डोळ्यांना दिसत नाही, किंवा अजून झालेलं नाही, किंवा ज्याची खात्री नाही. ती कुणी अखंड काढली तर साहेब कागद तोंडावर फेकायचे. चौदा वर्षांत माझ्या तोंडावर कागद एकदाही आला नाही. त्याचा मला माज होता, उगाच कशाला लपवू?

माझा थोरला भाऊ, दादा, माझ्याहून आठ वर्षांनी मोठा. व्यापारी बोटीवर सुकाणी होता, म्हणजे बोटीचं चाक त्याच्या हातात असायचं. सतराव्या वर्षी बोटीवर गेला तो गेलाच. वडील वारल्यावर माझं शिक्षण, घराची कौलं, माझं लग्न, सगळं त्याच्या पगारातून झालं. दहा-दहा महिने पाण्यावर, मग दोन-तीन महिने घरी. त्याची मुलगी चार वर्षांची असताना तो सुट्टीवर आला, तर ती दाराआड पळाली आणि वहिनीला ओरडून म्हणाली, "आई गो, ते बोटवाले आलेत!" आम्ही सगळे हसलो. दादाही हसला. पण नंतर विहिरीवर पाय धुताना हातात तांब्या धरून तो बराच वेळ तसाच उभा राहिला. त्याच संध्याकाळी मला म्हणाला, "बास झालं रे. आता उतरायला हवं."

उतरायचं म्हणजे बोट कायमची सोडायची. सोडून खायचं काय, तर त्यासाठी त्यानं एक जागा मनात धरली होती. आमच्या पडवीत बसलं की समोरच्या कातळावर चाळीसेक हापूसच्या कलमांची एक बाग दिसायची. तिला विहीर होती, मे महिन्यातही न आटणारी. मालक म्हातारा झालेला, मुलाकडे मुंबईला जायच्या तयारीत. भला माणूस होता. "तुमची रक्कम जुळेपर्यंत दुसऱ्याला देत नाही," असं त्यानं दादाला तोंडी कबूल केलं होतं. दादाकडे साठलेलं होतं ते किमतीच्या निम्म्याहून थोडं जास्त. बाकीचं मी त्याच पैशांवर बाजारातून काढून देणार होतो. हे मीच म्हणालो. कुणी माझ्या पाया पडलं नव्हतं.

पंच्याऐंशीच्या जरा आधीची गोष्ट ही. कचेरीत एक उपअभियंता होते, ते नदीच्या पाण्याच्या रोजच्या नोंदींची सरकती सरासरी काढायचे. गेल्या दहा दिवसांची सरासरी घ्यायची, दुसऱ्या दिवशी सगळ्यात जुना आकडा गाळायचा, नवा घ्यायचा आणि पुन्हा सरासरी. रोजची वरखाली तिच्यात विरून जाते आणि पाणी खरं कुठं चाललंय ते दिसतं. मी तेच मुंबईच्या एका सिमेंट कंपनीच्या शेअरला लावलं. रातराणी एसटीनं सकाळी मुंबईचा पेपर यायचा, त्यात आदल्या दिवशीचा भाव असायचा. रेडिओवर बड्या कंपन्यांचे तेवढे भाव सांगत, आमची त्यात नव्हती. कागदावर भाव काळ्या शाईनं आणि सरासरी हिरव्या शाईनं. हिरवी रेघ वर वळली की घ्यायचे, खाली वळली की विकायचे, बस्स.

एवढ्या सोप्या नियमानं मला लगेच तोंडघशी पाडलं. बाजार नुसता थरथरत असला की दहा दिवसांची सरासरी दर आठवड्याला वर-खाली व्हायची. मी घ्यायचो, विकायचो, आणि दर खेपेला थोडं थोडं गमवायचो. वैतागून तीस दिवसांची धरली, तर भाव खरोखर निघाला तेव्हा ती आपली झोपलेलीच. दहा की तीस, ह्यावर मी स्वतःशी इतका भांडलो की जेवताना माझी बायको म्हणायची, "आधी भात गिळा, मग सरासरी."

तिढा सोडवला तो दादानं. सुट्टीवर आला होता. दोन दिवस माझी चिडचिड ऐकली आणि मग सुपारी कातरता कातरता म्हणाला, "हे बघ, समुद्र तेलासारखा सपाट असला, की होकायंत्राचा काटा एक अंश सरकला तरी चाक फिरवायचं. कारण तेव्हा बोट खरीच वळलेली असते. पण समुद्र खवळला, की काटा दहा अंश इकडे आणि दहा अंश तिकडे नाचतो. तेव्हा त्याच्या मागे धावलास तर बोट पण नाचते आणि तू पण दमतोस. तेव्हा गप उभं राहायचं. आठ-दहा झोके बघायचे आणि मधोमध कुठे येतंय ते धरायचं."

"पण शांत कधी आणि खवळलेला कधी, ते ठरवायचं कसं?"

"मेल्या, पायाखाली कळतं ते!"

माझ्या पायाखाली पडवीची सारवलेली जमीन. मला आकडा हवा होता. डोकं खाजवून खाजवून तो मी काढला. दहा दिवसांत भाव सरळ किती गेला ते बघायचं, आणि त्याच दिवसांत वरखाली करत एकूण किती चालला ते बघायचं. पहिल्याला दुसऱ्यानं भागायचं. शंभराचे एकशे दहा झाले, रोज एकेक रुपया चढत, तर गेला दहा आणि चालला दहा, उत्तर एक. म्हणजे समुद्र शांत, काट्यावर विश्वास ठेव. तेच दहा रुपये चाळीस रुपयांची वरखाली करून गाठले, तर उत्तर पाव. म्हणजे खवळलाय, गप उभा राहा. मग हिरव्या रेघेनं रोज नव्या भावाकडे किती सरकायचं, ते मी त्या उत्तरावर सोपवलं. उत्तर मोठं असलं की मोठी ढांग, लहान असलं की मुंगीचं पाऊल. सरासरी आपली चाल आपणच बदलायला लागली. दादाला दाखवलं तर तो वहिनीला हाक मारून म्हणाला, "बघ गो, हा घरात बसून सुकाणी झाला!"

इतका आनंद मला नोकरी लागली तेव्हाही झाला नव्हता.

पुढची दोन वर्षं ती रेघ खरंच चालली. मी फुशारकी मारत नाही. तेव्हा बाजारच चढता होता, गाढवालाही पैसे मिळत होते. पण थरथरीच्या दिवसांत इतर लोक होरपळले आणि आम्ही शांत बसून राहिलो, ते त्या रेघेमुळे. दरवेळी मी दादाच्या पैशांतले थोडेच लावायचो. बागेला कमी पडणारी रक्कम हळूहळू घटत गेली. मग एका उन्हाळ्यात रेघ खाली वळली, आम्ही सगळं विकून मोकळे झालो आणि पुढच्या संधीची वाट बघत बसलो.

त्या पावसाळ्यात दादा घरी होता. पुढच्या फेरीचं बोलावणं कंपनीकडून आलं होतं. गणपतीपर्यंत होय-नाही कळवायचं होतं. ते पत्र त्यानं भिंतीवरच्या घड्याळामागे खोचून ठेवलं होतं. रोज घड्याळाला किल्ली द्यायचा आणि पत्राला हात लावायचा नाही. बागेच्या मालकाचा निरोप आला की मुलगा घाई करतोय, दिवाळीनंतर काही आपल्याला थांबवत नाही. बाजारात एक बरी खेप साधली की झालं, इतकं जवळ आलं होतं सगळं. पोरगी एव्हाना सात वर्षांची. त्या पावसात ती पहिल्यांदा त्याला बाबा म्हणायला लागली. त्याच्या पाठीवर बसून पागोळ्या मोजायची. दादाला आता जायचं नव्हतं, मला दिसत होतं ना. ह्या माणसाला परत बोटीवर जाऊ द्यायचं नाही, असं मी ठरवूनच टाकलं होतं.

जुलैत पावसानं कहर केला. घाटात दरड आली, एसटी बंद, टेलिफोनच्या तारा पडल्या. संगमेश्वराकडच्या एका पुलाचं काम बघायला साहेब निघाले आणि नकाशे तिथल्या तिथे करून द्यायला मला बरोबर घेतलं. आठवडाभराची बात होती. निघताना आलेख मी दादाच्या हवाली केला. "पेपर आला की भावाचा ठिपका दे फक्त. पुढचं मी आल्यावर बघतो."

परत आलो तो भिजलेला, खोकत. आधी आलेखाकडे गेलो. पाच दिवस पेपर आलेच नव्हते. सहाव्या दिवसाचा आला, मधले गठ्ठे वाटेत भिजून लगदा झाले म्हणे. शेवटचा ठिपका एकशे बारावर होता, नवा एकशे एकतीसवर. दोन्हींच्या मधे दादानं पट्टी लावून पेन्सिलीची रेघ ओढून ठेवली होती. बोटीच्या नकाशावर असंच करतात. काल बोट कुठं होती ते माहीत, आज कुठं आहे ते माहीत, मधलं दोन टोकं जोडून धरायचं.

"ते मधले पाच दिवस..." दादा सांगायला लागला.

"कळलं मला, मी काय आंधळा आहे?" मी म्हणालो आणि बसलोच. डोकंही पुसलं नाही. रेघेवर मी काळी शाई फिरवली, ती वाळू दिली, खोडरबरानं पेन्सिल साफ केली. त्या रेघेवरून पाच दिवसांचे पाच भाव वाचून काढले. एकशे पंधरा, एकशे अठरा, असे चढत गेलेले. सरळ गेला एकोणीस, चालला एकोणीस! त्याआधीचे चार दिवस भाव जवळजवळ जागेवरच होता, ते धरूनसुद्धा उत्तर पाऊणाच्या वर आलं. दोन वर्षांत एवढं उत्तर कधी आलं नव्हतं. समुद्र तेलासारखा, आणि बोट सरळ वर चाललेली. हिरव्या रेघेनं अशी ढांग टाकली की मी मोठ्यानं ओरडलो. वहिनी पीठभरल्या हातांनी बाहेर आली. "काय झालं हो भावोजी?"

"बाग झाली वहिनी! बाग झाली तुमची!"

वहिनीनं दादाकडे बघितलं. दादा आलेखाकडे बघत होता. "सगळे लावायचे?" त्यानं विचारलं.

"सगळे. अशी वेळ परत येणार नाही."

"तुला ठीक वाटतंय ना? मग लाव," तो म्हणाला.

तारा जोडल्या त्या दिवशी पोस्टात बसून मुंबईच्या दलालाला ट्रंक कॉल लावला. दोन तासांनी लागला. तीन मिनिटं मिळाली. घे म्हणून सांगितलं, किती ते सांगितलं, दोनदा म्हणवून घेतलं आणि उरलेल्या वेळात मुंबईच्या पावसाची चौकशी केली. मधल्या पाच दिवसांचे भाव विचारायला अर्धं मिनिट पुरलं असतं. मी विचारले नाहीत. मला ते माहीत होते ना, माझ्या कागदावर काळ्या शाईत होते.

पुढचं लांबण लावत नाही. भाव चार दिवस वर राहिला आणि मग वरखाली हेलकावे घेत उतरायला लागला. हेलकावे आले की माझा नियम काय म्हणतो? गप उभा राहा. चढताना हिरवी रेघ खोट्या शांततेवर धावत वर गेली होती, आणि आता उतरताना ती मुंगीच्या पावलानं चालली. जागची हलेना. मी रोज उत्तर काढायचो, पाव, पावाहून कमी, आणि दादाला सांगायचो, "खवळलाय नुसता, बोट आहे तिथेच आहे." मग एक दिवस भाव सरळ कोसळला. रेघेनं मान टाकली तोवर उशीर झाला होता. ट्रंक कॉल दोन दिवस लागला नाही, तार केली ती कुठं रखडली देव जाणे. विकले गेले तेव्हा दादाच्या आयुष्यभराच्या पैशांतले निम्म्याहून जरा जास्त उरले होते. बागेच्या किमतीजवळ पोचलेली रक्कम पुन्हा निम्म्यावर. हिशोब करायला ट्रेसर लागत नाही.

दादानं आकडा ऐकला आणि घड्याळाला किल्ली दिली. रात्री नीट जेवला, पोरीला गोष्ट सांगितली. त्यानं शिव्या घातल्या असत्या तर मला बरं वाटलं असतं.

मला चैन पडेना. माझा नियम फसलाच कसा, हा किडा डोक्यात. चार दिवसांनी मी बाजारातल्या वाचनालयात गेलो. त्यांच्याकडे पेपर टपालानं यायचे, उशिरा का होईना सगळे येऊन पडलेले असायचे. ते पाच अंक मी काढून घेतले. भाव होते एकशे पंचवीस, मग एकशे नऊ, मग एकशे सत्तावीस, मग एकशे चौदा, मग एकशे अठ्ठावीस. तिथेच पेपराच्या कोऱ्या कडेला आकडेमोड केली. गेला एकोणीस, चालला सत्त्याहत्तर. उत्तर पाव. समुद्र खवळलेला होता, चांगलाच खवळलेला. हिरवी रेघ त्या दिवशी बोटभरसुद्धा हलायला नको होती. आम्ही घ्यायलाच नको होते.

आता सांगतो ते सांगायची मला लाज वाटते. वाचनालयातून घरापर्यंत मी पावसात जवळजवळ धावत आलो, आणि सगळ्या वाटेवर मला दुःख नव्हतं, आनंद होता. माझ्या नियमात खोट नव्हती! दादा पडवीत बसून पोरीच्या छत्रीची तार बसवत होता. वहिनी विळीवर भाजी चिरत होती. मी आलेख त्याच्यासमोर आपटला.

"तू केलंस हे! पट्टी लावलीस. मी सांगितलं होतं नुसता ठिपका दे म्हणून. समुद्र खवळलेला होता आणि तू मला सपाट करून दाखवलास. बोटीवर चालत असतील असले धंदे, इथं नाही चालत!"

"भावोजी, हळू बोला," वहिनी म्हणाली. "पोरगी ऐकतेय."

"ऐकू दे! तिलाही कळू दे बाग कुणी घालवली."

दादानं छत्री बाजूला ठेवली. आलेख मांडीवर घेतला. त्या पाच दिवसांच्या रेघेवरून त्यानं अंगठा फिरवला, एकदा ह्या टोकापासून त्या टोकापर्यंत, मग परत. मग वर माझ्याकडे बघितलं. मला वाटलं, आता हा उठून माझ्या कानफटात देणार.

"असेल," तो म्हणाला.

एवढंच. दुसऱ्या दिवशी घड्याळामागचं पत्र काढलं आणि होकार लिहून टाकला.

गौरी-गणपती होऊन तो निघाला. स्टँडवर पोरगी त्याचं बोट सोडेना. "बाबा, मी येऊ?" म्हणून रडली, एसटी हलली तरी खिडकीखाली पळत राहिली. मी ट्रंक टपावर चढवून दिली, पाया पडलो, जपून राहा म्हणालो. रागावलेला होतो ना मी अजून! त्याच्यावर उपकार केल्यासारखा उभा होतो तिथं.

तो गेल्यावर पंधरा दिवसांनी आलेख जाळायला काढला. न्हाणीच्या चुलीत घालावा म्हणून नेला. सकाळची वेळ होती, न्हाणीच्या झरोक्यातून ऊन तिरपं येत होतं आणि कागद मी त्यात आडवा धरला होता. तेव्हा दिसलं. काळ्या रेघेच्या खाली कागद दबलेला होता. दादा पेन्सिल दाबून चालवायचा. पण तो चर सलग नव्हता. दबलेलं, मग सपाट, मग दबलेलं, मग सपाट. तुटक रेघ होती ती. आणि तिच्या वर, जिथे माझं खोडरबर फिरलं होतं तिथे, अक्षरांचे चर होते: अंदाज. पेपर मिळाले की बघ.

मी त्या चरांवरून अंगठा फिरवला, ह्या टोकापासून त्या टोकापर्यंत.

विसरलो होतो म्हणू? तसं म्हणवत नाही. त्या दिवशी भिजलेल्या अंगानं बसलो तेव्हा मला ती तुटक रेघ दिसली होती. अक्षरंही दिसली असणार, त्याशिवाय खोडली कशी? मी बघितलं आणि बघितलं नाही. मला ती अखंड हवी होती. मला दादा घरी हवा होता, पोरगी त्याच्या पाठीवर हवी होती, आणि ते सगळं त्या एका रेघेवर उभं होतं. चौदा वर्षं साहेबांच्या नकाशात एक तुटक रेघ न चुकवलेला मी, घरच्या कागदावर ती अखंड काढून मोकळा झालो. वर पेन्सिल साफ पण केली, सवयीनं.

आणि दादा. तो अंगठा फिरवत होता तेव्हा त्याला ते चर हाताला लागत होते. त्याला ठाऊक होतं. वहिनीसमोर, पोरीसमोर मी त्याला चोर ठरवलं, आणि तो म्हणाला, असेल.

आलेख जाळला नाही मी. पत्र लिहायला बसलो. तीनदा लिहिलं, तीनदा फाडलं. पुढच्या सुट्टीत समोर बसून सांगू, असं ठरवलं. पुढच्या सुट्टीत तो आला, आंबटगोड सगळं बोललो, हेच तेवढं बोललो नाही. पोरगी आता दाराआड पळत नव्हती, पण बाबा म्हणून धावतही नव्हती. "कधी जाणार?" असं विचारायची, आल्या दिवशीच. बाग दिवाळीत मुंबईच्या कुणी घेतली होती, तिला तारेचं कुंपण पडलं होतं. दादा पुन्हा गेला. मग आणखी एकदा गेला. त्या खेपेला त्याला कंपनीनंच आणून पोचवला. एका परक्या बंदरात चाकावर उभा असतानाच झटका आला होता. उजवी बाजू गेली, जीभ जड झाली.

मग तो घरी राहिला. कायमचा उतरला एकदाचा. वहिनी सकाळी त्याला पडवीतल्या खुर्चीत बसवायची, तोंड बागेकडे करून. तो दिवसभर त्या कलमांकडे बघायचा. मोहोर आला की डाव्या हातानं दाखवायचा.

मार्चमधला एक रविवार. ऑफिसचं काम तुंबलं होतं म्हणून नकाशा घरी आणला होता आणि मी पडवीत, त्याच्या खुर्चीशेजारी बसून गिरवत होतो. तो बराच वेळ माझ्या हाताकडे बघत होता. मग जड जिभेनं, एकेक शब्द जुळवत म्हणाला, "तुटक रेघ... तुटकच काढतोस ना रे?"

टोमणा नव्हता त्यात. डोळे नेहमीसारखेच होते, थोडे हसरे. त्यानं दार उघडून धरलं होतं माझ्यासाठी, मला आत यायला. वहिनी आत होती, पोरगी शाळेच्या मैत्रिणीकडे. आम्ही दोघंच होतो.

"हो," मी म्हणालो. "तुटकच काढतो."

त्यानं मान हलवली आणि पुन्हा बागेकडे बघायला लागला. मी पेन पुसलं, टोपण लावलं, आणि पाणी आणतो म्हणून आत गेलो. पाऊस सुरू व्हायच्या आत दादा गेला.